शेवंतीला सांगावा कोण धाडतो?

दिवाळी जवळ आली की घरोघरच्या कुंड्यांतून एक गोष्ट हटकून घडते. जूनपासून जी शेवंती नुसती पानांवर पाने काढीत बसलेली असते, ‘हिला फूल म्हणून येणार नाही, उपटून टाका आणि मोगरा लावा’ असे घरातली वडीलधारी मंडळी जिच्याबद्दल दर रविवारी बोलत असतात, त्याच शेवंतीच्या शेंड्याशेंड्यांवर दसऱ्याच्या आगेमागे हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसू लागतात. पुढे कळ्या फुगतात, आणि बघता बघता झाड पिवळेधमक होऊन जाते. पाऊस लवकर गेलेला असो की लांबलेला असो, ऑक्टोबरचा उकाडा थोडा असो की फार असो, शेवंतीची तिथी फारशी चुकत नाही.

शेवंतीजवळ पंचांग नाही, भिंतीवर टांगलेले कॅलेंडर नाही. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. मग ‘बाई, आता पाने पुरेत, फुलांचे बघ’ असा सांगावा तिला धाडतो तरी कोण?

प्रश्न लहान मुलाने विचारावा असा आहे. पण त्याचे समाधानकारक उत्तर हाती यायला २००७ साल उजाडावे लागले, आणि शोधाला नेटाने सुरुवात झाली होती ती १९१८ साली. मधल्या जवळजवळ नव्वद वर्षांत या एका सांगाव्यापायी किती विद्वानांनी आपली हयात घालवली आणि काहींनी काय काय सोसले, ती हकीगत एखाद्या रहस्यकथेला मागे टाकील अशी आहे.

मेरीलँडचा राक्षस

कथेची सुरुवात फुलबाजारात होत नाही. ती होते तंबाखूच्या शेतात. १९०६ साली अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात तंबाखूची काही रोपे वाढता वाढता थांबेचनात. इतर झाडे फुलून, बी धरून मोकळी झाली तरी ही आपली वाढताहेत. दहा फूट उंची, अंगावर शंभरच्या आसपास पाने! तंबाखूवाल्याला पानाचेच पैसे मिळतात; तेव्हा शेतकरी खूष झाले आणि या वाणाला ‘मेरीलँड मॅमथ’ म्हणजे मेरीलँडचा राक्षस असे नाव पडले. अडचण एकच होती. राक्षसाला फूल येण्याआधीच थंडी पडून तो मरे. फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या सालची लागवड कशाची करायची?

झाडे काचेच्या उबदार घरात नेली, तेव्हा तिथे ऐन हिवाळ्यात ती मुकाट्याने फुलली. एवढेच नव्हे, तर काचघरात हिवाळ्यात लावलेली वीतभर रोपेसुद्धा फुलून बसली. उन्हाळ्यात दहा फूट वाढून न फुलणारा राक्षस हिवाळ्यात वीतभर असतानाच फुलतो, हे कोडे अमेरिकन शेतकी खात्यातील वायटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड या दोन गृहस्थांच्या पुढे आले. त्यांनी आधी शहाण्या माणसाला सुचतील त्या सगळ्या गोष्टी तपासल्या. ऊब कमीजास्त केली, पाणी कमीजास्त केले, खत बदलले. कशाचाच पत्ता लागेना. सोयाबीनच्या एका वाणाचीही त्यांना अशीच गंमत दिसली होती. पेरणी महिना-दीड महिना मागेपुढे केली तरी सगळी झाडे फुलायची ती सप्टेंबरच्या सुमारास, जणू काही आधी ठरवून! लवकर पेरलेले झाड उंच होऊन फुले आणि उशिरा पेरलेले बुटके असतानाच फुले, एवढाच काय तो फरक.

शेवटी उरली ती एकच गोष्ट, आणि ती इतकी साधी की ती खरी असेल असे कोणाला वाटेना. हिवाळ्यात दिवस लहान असतो!

१० जुलै १९१८ रोजी या दोघांनी राक्षसाच्या काही कुंड्या आणि सोयाबीनची काही रोपे दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर काढली. रोज हाच क्रम. बाहेर जुलैचा लांबलचक दिवस. पण पेटीतल्या झाडांच्या दृष्टीने मात्र पौष महिना! काही दिवसांतच पेटीतली झाडे फुलली आणि बाहेरची त्यांची भावंडे पाने काढीत राहिली. मग उलट बाजूने ताळा पाहिला. हिवाळ्यात काचघरात सूर्य मावळल्यावर विजेचे दिवे लावून दिवस लांबवला, तर राक्षस फुलायचे विसरला. एका मोठ्या शोधाला लागलेली सामग्री ती काय? एक पेटी, आणि ती घड्याळाच्या काट्यावर उघडणारा व मिटणारा एक चिकाटीचा माणूस!

१९२० साली त्यांचा निबंध छापून आला. काही झाडे दिवस लहान झाला की फुलतात, काही दिवस मोठा झाला की फुलतात, आणि काहींना दिवसाचे सोयरसुतकच नसते, अशा तीन जाती त्यांनी सांगितल्या. शेवंती पहिल्या जातीतली, पालक दुसऱ्या आणि आपली टोमॅटोची वेल बहुतेक तिसऱ्या. न्यायाने इथे झुल्यान तूर्नवा या फ्रेंच तरुणाचेही नाव घेतले पाहिजे. भांग आणि हॉप या झाडांवर काम करताना १९१२ ते १९१४ च्या दरम्यान तोही याच निष्कर्षाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. पण पहिले महायुद्ध पेटले आणि तो त्यात मारला गेला.

वाचक म्हणतील, अमेरिकेत दिवसरात्रीत जमीनअस्मानाचे अंतर पडते, म्हणून तिथल्या झाडांना ते कळत असेल; आपल्याकडे काय? मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे सहा महिन्यांत फरक पडतो तो जेमतेम सव्वादोन तासांचा. आठवड्याला हिशेब केला तर दिवस पाच-सात मिनिटांनी कमीजास्त होतो, लोकल चुकण्याइतकाच. परंतु झाडे याहीपेक्षा चोख असतात. भाताच्या रोपाला अर्ध्या तासाचा फरक कळतो, हे जपानमध्ये २०१० साली जनुकांच्या पातळीवर दाखवून देण्यात आले. ‘हे वाण अमुक नक्षत्रावर निसवते’ असे जे जुने शेतकरी सांगत, ते उगीच नव्हे.

दिवस नव्हे, रात्र

१९३८ साली शिकागोला हॅमनर आणि बॉनर यांनी या शोधाला एक कलाटणी दिली. त्यांनी घेतले होते एक रानटी झुडूप. आपल्याकडे उकिरड्यावर, नदीकाठी माजणारा शंकेश्वर तो हाच. याची काटेरी फळे धोतराला चिकटली की घरी येईपर्यंत सुटत नाहीत. पण झाड मोठे गुणाचे. एक, फक्त एकच लांब रात्र मिळाली तरी ते फुलायला लागते. त्या दोघांना असे आढळले की दिवसा मध्येच अंधार केला तर झाडाला त्याचे काही वाटत नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर अगदी थोडा वेळ जरी दिवा दाखवला, तरी सगळे मुसळ केरात! झाड फुलतच नाही. म्हणजे इतके दिवस ज्याला आपण दिवस मोजणे म्हणत होतो, ते खरे रात्र मोजणे होते, आणि तीही अखंड रात्र.

हा दिवा झाडाला कळतो कशाने, याचा छडा अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत लागला. तांबडा उजेड दाखवला की परिणाम होतो आणि लगेच मागोमाग तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा उजेड दाखवला की तो पुसला जातो, हे १९५२ साली सॅलडच्या बियांवर दिसून आले. हे काम पानांतले एक निळसर रंगद्रव्य करते. त्याचे नाव फायटोक्रोम. ते १९५९ साली प्रत्यक्ष हाती लागले. विजेच्या बटणासारखे ते चालते, एका रंगाने सुरू, दुसऱ्याने बंद. असो. झाडाचा ‘डोळा’ सापडला. पण सांगावा कुठे होता?

लेनिनग्राड–मॉस्कोची हकीगत

मिखाईल चैलाख्यान हा जन्माने आर्मेनियन. सोव्हिएत रशियात तो वनस्पतींवर संशोधन करीत असे. त्याने प्रयोगाला निवडली ती आपली शेवंतीच. शेंड्याकडची सगळी पाने त्याने खुडून टाकली, खालची ठेवली, आणि मधे आडोसा करून झाडाचे जणू दोन संसार थाटले. खालच्या पानांना लहान दिवस आणि वरच्या उघड्या शेंड्याला मोठा दिवस दिला, तेव्हा शेंडा फुलला. उलट, शेंड्याला लहान दिवस आणि पानांना मोठा दिवस दिला, तेव्हा तो फुलला नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कळी येते शेंड्यावर. पण ऋतू कळतो तो पानाला. तेव्हा पानापासून शेंड्यापर्यंत काहीतरी प्रवास करीत गेलेच पाहिजे. या ‘काहीतरी’ला चैलाख्यानने १९३७ च्या सुमारास नाव दिले ‘फ्लोरिजेन’. फुले घडवणारे ते फ्लोरिजेन. मनुष्याच्या शरीरात जशी एका ग्रंथीत तयार झालेली संप्रेरके रक्तावाटे दुसरीकडे जाऊन काम करतात, तसेच हे झाडाचे संप्रेरक.

चैलाख्यानची कल्पना बरोबर होती, पण वेळ वाईट होती. रशियात त्या वेळी ट्रोफिम लायसेंको याचा वरचष्मा होता. झाडांच्या वाढीविषयी त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता, त्यात संप्रेरकांना जागा नव्हती, आणि त्याच्या पाठीशी स्टालिनची राजसत्ता होती. लायसेंकोच्या विरोधात गेलेला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४० साली पकडला गेला आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मरण पावला. अशा दिवसांत ‘पानातून शेंड्याकडे संप्रेरक जाते’ एवढे म्हणायलाही छाती लागत असे. चैलाख्यानवर टीकेचा भडिमार झाला, त्याच्या मार्गात अडथळे उभे करण्यात आले. पण तो तगला आणि शेवंती, तंबाखू, कलमे यांवर काम करीत राहिला. १९६८ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीने त्याला पूर्ण सभासदत्व दिले. तोवर लायसेंकोची सद्दी संपलेली होती. १९९१ साली चैलाख्यान वारला. फ्लोरिजेन त्याला बघायला मिळाले नाही.

ते नसेल असे मात्र कलमांचे प्रयोग पाहून कोणी म्हणू शकले नसते. ज्याला लांब रात्र मिळाली आहे असे एक पान, फुलायला तयार नसलेल्या झाडावर कलम करून बसवायचे, झाड फुलते. इतकेच कशाला, मोठ्या दिवसाला फुलणारा खुरासानी ओवा आणि लहान दिवसाला फुलणारा मेरीलँडचा राक्षस यांचे कलम बांधले तरी एकाची पाने दुसऱ्याला फुलवतात! जात निराळी, सवयी उलट्या, पण सांगाव्याची भाषा एकच. पेरिला नावाच्या झाडाचे एकच पान एका झाडावरून काढून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असे फिरवले, तर ते जिथे जाईल तिथे फुले आणीत गेले.

तेव्हा रसायनशास्त्रज्ञ पदर खोचून कामाला लागले. पाने वाटली, उकळली, मद्यार्कात भिजवली, गाळली, आटवली, आणि तो अर्क दुसऱ्या झाडांच्या पानांना चोपडून वाट पाहिली. मधूनच कोणीतरी ‘सापडले!’ म्हणे आणि दुसऱ्याने करून पाहावे तर काही नाही. अशी तीस-चाळीस वर्षे गेली. पुढे पुढे तर असे काही द्रव्य नाहीच, शेंड्याकडे साखर जास्त गेली की फूल येते इतकेच, असे म्हणणारा पक्षही निघाला. चैलाख्यानचे फ्लोरिजेन म्हणजे एखाद्या वाड्यातल्या भुतासारखे झाले होते. त्याच्या करामती सगळ्यांना ठाऊक, पण ते पाहिलेला एकही नाही.

चिमुकल्या तणाचा उपयोग

ही कोंडी फोडली एका तणाने. अरबिडोप्सिस हे मोहरीच्या गोतावळ्यातले एक टीचभर तण. त्याला ना रूप, ना रंग, ना चव. बाजारात कोणी फुकट घेणार नाही. पण दीडदोन महिन्यांत बियापासून बी तयार होते, परीक्षानळीतसुद्धा वाढते, आणि त्याची आनुवंशिक पोथी अगदी आटोपशीर आहे. ती सुमारे साडेबारा कोटी अक्षरांची. तिचे वाचन २००० सालच्या डिसेंबरमध्ये जगापुढे आले. वनस्पतींपैकी असा पहिला मान या तणाला मिळाला. तिच्यात सुमारे पंचवीस हजार जनुके निघाली.

या तणाच्या बिघडलेल्या, म्हणजे वेळेवर न फुलणाऱ्या, रोपांचा शास्त्रज्ञांनी संग्रह केला. आगगाडी बंद पडली की कोणता भाग मोडला ते पाहून तो भाग काय काम करतो हे कळते, त्यातलाच प्रकार. १९९५ साली इंग्लंडमधील नॉरिचला जॉर्ज कुपलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉन्स्टन्स’ नावाचे जनुक वेगळे काढले. १९९९ साली कॅलिफोर्नियात डेटलेफ वायगल यांच्या आणि जपानात क्योटोला ताकाशी अराकी यांच्या चमूने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुसरे एक जनुक शोधले. त्याचे नाव ‘एफटी’. हे जास्त चालवले तर रोप चारदोन पाने काढून लगेच फुलते. हे मोडले तर फूल लांबते.

या दोघांचे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पेशीत एक घड्याळ असते, चोवीस तासांचे. ते कॉन्स्टन्सला दिवस कलल्यावर कामावर बोलावते. हा कॉन्स्टन्स म्हणजे कचेरीतला एक विचित्र कारकून समजा. तो संध्याकाळी येतो आणि त्याला उजेड असेल तरच सही करता येते; अंधार पडला की पेशीतली दुसरी प्रथिने त्याचे तुकडे करून टाकतात! हिवाळ्यात तो येतो तोच दिवेलागणीला. सही होत नाही. उन्हाळ्यात सूर्य अजून वर असतो. तो सही करतो आणि एफटीचे काम सुरू होते. अरबिडोप्सिस मोठ्या दिवसाला फुलते ते असे. घड्याळ आणि उजेड यांची गाठ पडली पाहिजे, ही कल्पना एर्विन ब्युनिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९३६ सालीच मांडली होती; तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नव्हते. भातात हाच कारकून आहे, पण मोठ्या दिवसाला तो उलट हुकूम काढतो, ‘फुलायचे नाही’. म्हणून भात निसवतो तो दिवस लहान झाल्यावर.

आता मुख्य धागा असा की कॉन्स्टन्स आणि एफटी दोन्ही काम करतात ती पानांच्या शिरांतल्या पेशींमध्ये. आणि २००५ साली असे दिसून आले की एफटीचे प्रथिन शेंड्यावर ‘एफडी’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने फुलांची जनुके चालू करते. जनुक पानात, काम शेंड्यात! चैलाख्यानच्या शेवंतीचेच हे वर्णन नव्हे का?

घाईची फळे

मग एकच प्रश्न राहिला. पानातून निघतो तो नेमका कोण? जनुकाच्या आज्ञेची नक्कल, म्हणजे आरएनए, की त्या आज्ञेवरून घडलेले प्रथिन?

२००५ साली स्वीडनमधील उमियो येथील चमूने जाहीर केले की जाते ते आरएनए. एका पानाला ऊब देऊन त्यात एफटी चालू केले आणि त्याची नक्कल शेंड्यात पोहोचलेली आढळली, असे त्यांचे म्हणणे. ‘सायन्स’ या जगन्मान्य साप्ताहिकाने वर्षअखेरच्या ठळक शोधांत त्याची गणना केली. सत्तर वर्षांचे कोडे सुटले म्हणून जो तो आनंदला.

आणि २००७ च्या एप्रिलमध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. मूळ आकडे पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की काही नोंदी गाळलेल्या होत्या आणि काहींना हिशेबात जास्त वजन दिलेले होते. ज्या प्रयोगशाळेतून निबंध निघाला तिच्याच मंडळींनी ही गोष्ट उजेडात आणून तशी जाहीर कबुली छापली, हे मला त्या शोधापेक्षाही मोठे वाटते. घरातल्या चोपडीतली चूक घरच्यांनीच बाजारात सांगायला धैर्य लागते. आपल्याकडे मोठमोठ्या पेढ्यांना आणि खात्यांना ते साधत नाही.

नियतीचा खेळ असा की त्याच वसंत ऋतूत खरे उत्तर छापून आले, तेही एकदम दोन ठिकाणांहून. कुपलँड आता जर्मनीत कोलोनला होते. त्यांच्या चमूने एफटीच्या प्रथिनाला जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन जोडले. म्हणजे चोराच्या धोतराला रंग लावून ठेवावा तसे. हा रंगीत एफटी फक्त पानांच्या शिरांत घडवला. थोड्या अवकाशाने हिरवी चमक शिरांतून निघून, कलमाचा सांधासुद्धा ओलांडून, शेंड्याच्या बुडाशी दिसू लागली. जपानात नाराला को शिमामोतो यांच्या चमूने हेच भातात दाखवले. भातात या प्रथिनाचे नाव ‘एचडी३ए’. आरएनए नव्हे, प्रथिनच प्रवास करते. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून खालीवर जाते, त्याच नळ्यांतून हा जासूद शेंड्याकडे जातो.

चैलाख्यानचे फ्लोरिजेन ते हेच. अवघ्या १७५ अमिनो आम्लांच्या माळेचे एक चिमुकले प्रथिन. रसायनशास्त्रज्ञांना ते का सापडले नव्हते, तेही आता सहज उमगते. ते शोधत होते औषधाच्या थेंबासारखे काहीतरी, वाटून चोपडावे असे. आणि हे होते नाजूक प्रथिन, जे पानावर चोळून आत शिरणारे नव्हे. २०११ साली शिमामोतोंच्याच चमूने हे प्रथिन शेंड्याच्या पेशीत पोहोचल्यावर कोण त्याचे स्वागत करतो आणि कोणाच्या हाताला धरून ते फुलांच्या जनुकांपर्यंत जाते, हेही उकलून दाखवले.

पोळीपासून कांद्यापर्यंत

हे सगळे शेवंतीच्या कौतुकापुरतेच असते तर एवढी आटाआटी कोणी केली नसती. आपल्या ताटातल्या पोळीचा याच्याशी संबंध आहे. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग गव्हावर काम करीत असताना वेळ वाचावा म्हणून वर्षातून दोन पिके घेत. हिवाळ्यात उत्तरेकडे सोनोराच्या सपाटीवर आणि उन्हाळ्यात दक्षिणेला तोलुकाच्या उंच डोंगरात. बियाण्याला मधे विश्रांती लागते, हा वेडेपणा आहे, असे जाणत्यांनी बजावले. बोरलॉग ऐकेनात. दोन्हीकडची दिवसाची लांबी वेगळी. तेव्हा दोन्ही ठिकाणी धडपणे पिकणारा गहू निवडता निवडता, दिवसाच्या लांबीकडे ढुंकूनही न पाहणारा गहू त्यांच्या हाती आला. असा गहू पृथ्वीच्या पाठीवर कुठेही चालतो. १९६५–६६ च्या दुष्काळाच्या दिवसांत आपल्या देशाने १८,००० टन मेक्सिकन बियाणे आणले. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही त्यांची नावे. सोनोराच्या सूर्याखाली निवडलेला गहू पंजाबात उपरा वाटला नाही, याचे एक मोठे कारण हे. बुटके आणि न लोळणारे ताट हे दुसरे. गव्हातला हा बेफिकीरपणा कोणत्या जनुकातल्या फरकामुळे येतो, ते २००७ साली उलगडले.

कांद्याचीही तीच तऱ्हा. कांदा पोसतो तो दिवस पुरेसा मोठा झाला म्हणजे. युरोपातल्या कांद्याला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. तो लासलगावला लावला तर जन्मभर पातच खावी लागेल! आपल्याकडचे कांद्याचे वाण त्यामानाने थोड्या दिवसावर समाधान मानणारे आहेत, म्हणून नाशिकचा कांदा पोसतो. हे पोसणेही एफटीच्याच भावंडांच्या हाती आहे, असे २०१३ साली दिसून आले. एक भाऊ ‘पोस’ म्हणतो, दुसरा ‘थांब’ म्हणतो, तिसरा फुलांकडे बघतो. बटाट्याचेही २०११ साली कळले की जमिनीखाली बटाटे धरायचा हुकूम पानातून खाली नेणारा जासूद एफटीचाच भाईबंद आहे. वर गेला तर फूल, खाली गेला तर बटाटा. निसर्ग मोठा काटकसरी. एकदा चांगला पोस्टमन मिळाला की तो त्याच्याकडून सगळ्या गल्ल्यांची पत्रे वाटून घेतो.

आता पुन्हा शेवंतीकडे वळू, कारण तिने शास्त्रज्ञांसाठी एक शेवटचा चकवा राखून ठेवला होता. लांब रात्रीच्या मध्यावर दिवा दाखवला की ती फुलत नाही. का, तर सांगावा निघत नाही म्हणून, असे सरळ उत्तर वाटते. पण १९७७ साली अमेरिकेत अँटोन लांग यांनी तंबाखूच्या कलमांवर केलेल्या प्रयोगात निराळेच काही दिसले होते. चुकीचा दिवस मिळालेली पाने नुसती गप्प बसत नाहीत, ती फुलायला विरोध करणारा निरोपही पाठवतात. या निबंधात लांग यांचा भागीदार कोण असावा? मॉस्कोचा चैलाख्यान! पंचाहत्तरीला आलेला हा माणूस अजून पाने आणि शेंडे यांचाच हिशेब करीत होता. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१३ साली, जपानी शास्त्रज्ञांना शेवंतीच्या एका रानटी बहिणीत हा उलट निरोप्या सापडला. तोही एफटीच्याच मोठ्या कुटुंबातला. त्याचे नाव त्यांनी ठेवले अँटिफ्लोरिजेन. रात्री मधेच उजेड पडला की पान हे प्रथिन बनवते, ते शेंड्याकडे जाते, आणि फ्लोरिजेनची जागा अडवून बसते. तेव्हा शेवंतीच्या शेंड्यावर दोन जासूद धडकतात, एक ‘फूल’ म्हणणारा आणि एक ‘थांब’ म्हणणारा. ज्याची संख्या जास्त त्याचे चालते.

बारमाही शेवंती विकणारे बागवान यातले प्रथिन-बिथिन न जाणताही हीच मेख वापरतात. भाव पडलेला असला की शेतावर रात्रीचे दिवे लावून झाडांना थोपवून धरतात. लग्नसराई जवळ आली की दिवे काढून, लागल्यास काळे कापड ओढून, लांब रात्र करून देतात आणि ठरल्या मुहूर्तावर फुले काढतात.

घरच्या कुंडीलाही हे लागू आहे. नाताळच्या सुमारास लाल पाने मिरवणारी पॉइन्सेटिया बाजारातून आणली, पहिल्या वर्षी शोभली, आणि पुढच्या वर्षी नुसती हिरवीच राहिली, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. खताचा दोष नसतो. कुंडी असते गॅलरीत. गॅलरीत रात्री अकरापर्यंत दिवा, आणि समोर रस्त्यावरचा खांब रात्रभर जळतो. बिचारीची रात्र कधी पुरी होतच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पाचला कुंडीवर खोके पालथे घालावे आणि सकाळी सातला काढावे. चौदा तास काळोख झाला पाहिजे आणि तो मधे मोडता कामा नये. दिवसा भरपूर ऊन द्यावे. आठ-दहा आठवडे हा नेम पाळला तर नाताळापर्यंत पाने लाल होतात. मात्र मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या कोणी खोके उचलून ‘झाली का लाल?’ म्हणून बॅटरी मारून पाहू नये.